इलेक्ट्रिक कार : किती रेंजची आणि केव्हा घ्यावी?

प्रश्न : आमची पेट्रोलची गाडी अकरा वर्षांची झाली आहे. ती अजून चालते, पण गेल्या वर्षापासून तिच्या दुरुस्तीचा खर्च वाढू लागला आहे. माझे रोजचे जाणे-येणे मिळून ४५ किलोमीटर होते. वर्षातून पाच-सहा वेळा आम्ही मुलीकडे जातो आणि ते अंतर एका बाजूने ३३० किलोमीटर आहे. घराशी गाडी लावायला हक्काची जागा असून तिथे विजेचा प्लगही आहे. इलेक्ट्रिक कार घ्यायची हे मनात ठरले आहे, परंतु एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत निवड होत नाही. एकीची बॅटरी ४० किलोवॉट-तासांची आहे आणि दुसरीची ६० ची. दुसरी गाडी साधारण एक पंचमांशाने महाग पडते. पत्नीचे म्हणणे आहे की मोठीच घ्यावी, म्हणजे वाटेत थांबावे लागणार नाही. मेहुणे म्हणतात की बॅटऱ्या स्वस्त होत आहेत आणि नव्या प्रकारच्या येऊ घातल्या आहेत, तेव्हा दोन वर्षे थांबावे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. निर्णयाला लागणारे बहुतेक आकडे आपण पत्रातच दिले आहेत, त्यामुळे मला मोघम बोलण्याची गरज राहिलेली नाही. माझे मत आधीच सांगतो. आपल्या वापराला ४० ची बॅटरी पुरेल, आणि थांबायचे की नाही हे बाजारात पुढे काय येणार आहे यावरून न ठरवता आपल्या जुन्या गाडीच्या प्रकृतीवरून ठरवावे. यामागची कारणे मात्र सविस्तर देतो, कारण त्यांतले एखादे आपल्याला लागू पडत नसेल तर उत्तरही बदलेल.

रेंजचा, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी किती अंतर जाते याचा विचार बहुतेक जण सर्वांत लांबच्या प्रवासापासून सुरू करतात. माझ्या मते तो गाडी रात्री जिथे उभी राहते तिथून सुरू करायला हवा. पेट्रोलची गाडी आपण टाकी रिकामी होत आली की भरतो. घरी चार्ज होणारी गाडी मात्र रोज सकाळी भरलेली मिळते, आणि म्हणून तिला एका दिवसापुरती रेंज असली की पुरते. एक किलोवॉट-तास म्हणजेच वीजबिलावरचे एक युनिट. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार शंभर किलोमीटरला साधारण १५ ते १८ युनिट घेते, म्हणजे आपल्या ४५ किलोमीटरला सात-आठ युनिट लागतात. घरच्या साध्या प्लगमधून तासाला दोन ते अडीच युनिट मिळतात असे धरले, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी दहा-पंधरा टक्के वीज जमेस धरूनही दिवसभराची भरपाई चार तासांत होते. ही सोय ज्यांच्याकडे नाही, त्यांना रस्त्यावरच्या चार्जरवर अवलंबून राहावे लागते आणि त्यांच्यासाठी मोठ्या बॅटरीचा आग्रह मी वेगळ्या रीतीने तोलला असता. आपल्याकडे ती आहे, आणि हीच आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

त्या प्लगबद्दल मात्र एक काळजी आवर्जून घ्यावी. इस्त्री किंवा गिझर काही मिनिटे चालतो, पण गाडी कित्येक तास सलग वीज ओढते आणि तेवढ्यात सैल झालेली सॉकेट किंवा बारीक वायर तापते. गाडी येण्यापूर्वी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून स्वतंत्र लाईन, तिला स्वतःचा ब्रेकर आणि तपासलेले अर्थिंग करून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी चार्ज करणे एक दिवसही नको. भिंतीवरचा सुमारे सात किलोवॉटचा, म्हणजे तासाला सात युनिट देणारा चार्जर बसवता आला तर उत्तमच, परंतु आपल्या वापराला त्यावाचून अडणार नाही.

आता माहितीपत्रकावरच्या रेंजविषयी. हा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतून येतो आणि चाचणी बदलली की त्याच गाडीचा आकडाही बदलतो. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत सरासरी वेग ताशी ४७ किलोमीटरच्याही आत असतो आणि तापमान २३ अंश. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत चाचणीत मिळालेल्या रेंजला सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणून प्रत्यक्षाच्या जवळ आणले जाते, म्हणून तिथले आकडे कमी आणि अधिक विश्वासार्ह दिसतात. चीनच्या सीएलटीसी चाचणीचे आकडे याउलट फारच उदार असतात. त्यामुळे दोन गाड्यांची रेंज ताडून पाहताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत याची खात्री करून घ्यावी, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

हमरस्त्यावर रेंज सर्वांत जास्त खातो तो वेग. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून ११० वर गेल्यास तो जवळजवळ १.९ पट होतो. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत येते, म्हणून इलेक्ट्रिक कार तिथे काटकसरी ठरते आणि मोकळ्या रस्त्यावर उधळी. पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत आपला अनुभव नेमका उलटा असल्यामुळे पहिल्या लांबच्या प्रवासात अनेक जण गोंधळतात. कडाक्याच्या थंडीतही रेंज वीस टक्क्यांहून अधिक घटू शकते, कारण बॅटरी आखडते आणि इंजिनाची फुकटची उष्णता नसल्यामुळे हीटर बॅटरीवरच चालतो. आपल्याकडे हिवाळा कडक असेल तर गाडीत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत गाडी गरम करणारे यंत्र आहे का, हे जरूर विचारावे.

आपल्या मुलीच्या घरापर्यंतच्या ३३० किलोमीटरचा हिशेब आता मांडून पाहू, कारण आपल्या घरातला मतभेद प्रत्यक्षात याच एका रस्त्याबद्दल आहे. ताशी शंभरच्या आसपासच्या वेगाला शंभर किलोमीटरला साडेसतरा युनिट धरले तर पूर्ण वाटेला सुमारे ५८ युनिट लागतात. ४० ची गाडी पूर्ण भरून निघाल्यास १९० किलोमीटरवर तिच्यात सात युनिट, म्हणजे सतरा-अठरा टक्के उरतील. तिथे जलद चार्जरवर बावीस युनिट भरली की उरलेले १४० किलोमीटर पार करून आपण दहा-अकरा टक्के शिल्लक ठेवून पोहोचता. पन्नास किलोवॉटच्या चार्जरवर या बावीस युनिटांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागेल.

आता हाच प्रवास ६० च्या गाडीने करू. बॅटरीच्या जादा वजनामुळे, आणि ते शंभर-सव्वाशे किलो सहज असते, तिचा वापर किंचित वाढून १८ युनिट धरला तर वाटेला सुमारे ५९ युनिट लागतात. म्हणजे कागदावर गाडी पोहोचते, पण पोहोचताना बॅटरी अगदी रिकामी झालेली असते. समोरून वारा आला, वाटेत वळसा पडला किंवा पाऊस लागला तर तेवढीही खात्री राहत नाही. त्यामुळे दहा मिनिटे का होईना, थांबावे लागतेच. आपल्या पत्नीची अपेक्षा अशी आहे की मोठ्या बॅटरीने थांबणे टळेल. या अंतराला ते टळत नाही. फक्त अर्ध्या तासाची दहा-बारा मिनिटे होतात. हा फरक वर्षातून पाच-सहा फेऱ्यांना, जाताना आणि येताना मिळणार आहे. त्यासाठी गाडीच्या किमतीचा एक पंचमांश अधिक द्यायचा का, असा प्रश्न घरात मांडून पाहावा. मला तो सौदा महाग वाटतो. हेच अंतर २५० किलोमीटर असते तर मोठी गाडी खरोखरच न थांबता गेली असती आणि मी कदाचित त्यांच्या बाजूने लिहिले असते.

परंतु त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मी गंभीरपणे घेतो. माझा सगळा हिशेब वाटेत साधारण १५० ते १९० किलोमीटरच्या टप्प्यात भरवशाचा जलद चार्जर आहे, या गृहीतावर उभा आहे. तो आहे का, त्या ठिकाणी एकच यंत्र आहे की तीन-चार, ते बंद असल्यास पुढचे किती अंतरावर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते का, हे निर्णयापूर्वी स्वतः पाहून यावे. पुढच्या वेळी मुलीकडे जाल तेव्हा जुन्याच गाडीने त्या ठिकाणी उतरा आणि तिथे चार्ज करणाऱ्या एखाद्या वाहनचालकाशी बोला. नकाशावरची खूण यंत्र आहे एवढेच सांगते, ते कसे चालते हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. त्या टप्प्यात एकच जुने, वारंवार बंद पडणारे यंत्र असेल तर मोठी बॅटरी हा चैनीचा खर्च राहत नाही आणि माझे उत्तर बदलते. मुलीच्या घरी रात्रभर गाडी प्लगला लावता येईल का, हेही आधीच विचारून ठेवावे, कारण ती सोय असली की परतीची चिंता निम्मी होते.

चार्जिंगच्या वेगाबद्दल विक्रेते एकच मोठा आकडा सांगतात. तो आकडा बॅटरी बरीच रिकामी असताना थोडा वेळच टिकतो, पुढे उतरत जातो आणि ८० टक्क्यांनंतर गाडी इतकी सावकाश वीज घेते की शेवटचे वीस टक्के भरायला कधी कधी आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ जातो. म्हणून विचारायचे ते एवढेच की १० ते ८० टक्के भरायला किती मिनिटे लागतात. हा आकडा दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळा मागावा.

बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, हे विचारायलाही संकोच करू नये. लोह आणि फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी स्वस्त असते, तिच्यात निकेल आणि कोबाल्ट नसते, ती अधिक वेळा चार्ज होऊन टिकते आणि नेहमी पूर्ण भरली तरी सहसा चालते. कित्येक उत्पादक तर आठवड्यातून एकदा पूर्ण भरा असेच सांगतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी बॅटरी त्याच वजनात अधिक ऊर्जा साठवते, पण रोजच्या वापरात ती ८० टक्क्यांपर्यंतच भरावी असा सल्ला दिला जातो. याचा अर्थ ४० ची एनएमसी रोजच्यासाठी ३२ ची असते. आपल्या ४५ किलोमीटरला तेवढीही भरपूर आहे, परंतु दोन प्रकारांची रसायने वेगळी असतील तर ६० आणि ४० यांच्यातले खरे अंतर माहितीपत्रकावर दिसते त्याहून कमी असू शकते.

बॅटरी झिजते, हे खरे आहे. निसान लीफ २०१० मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती, आणि ॲरिझोनासारख्या उष्ण भागात त्या बॅटऱ्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटली. द्रवशीतन असलेल्या आजच्या गाड्यांत ही घट ढोबळमानाने वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास दिसते. अनेक उत्पादक आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही, अशी हमी देतात. आपल्या हिशेबात म्हणून आठव्या वर्षीची ४० ची बॅटरी ३३-३४ ची धरावी. तेव्हाही रोजचे जाणे-येणे निर्वेध होईल आणि मुलीकडे जाताना थांबा दहा-पंधरा मिनिटांनी वाढेल.

किमतीकडे येतो. येथे गाडीची किंमत आणि गाडी बाळगण्याचा खर्च असे दोन वेगळे आकडे काढावे लागतात. आपली जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असे धरले तर रोजच्या प्रवासाला तीन लिटर पेट्रोल जाते. त्याच प्रवासाला, चार्जिंगमधली गळती धरून, आठ-नऊ युनिट वीज लागते. आपल्या गावचा पेट्रोलचा भाव आणि घरगुती विजेचा दर घालून हा गुणाकार एकदा कागदावर करावा आणि वर्षातल्या कामाच्या दिवसांनी वाढवावा. रस्त्यावरच्या जलद चार्जरची वीज घरच्यापेक्षा बहुधा बरीच महाग असते, म्हणून लांबच्या प्रवासांचा हिशेब वेगळा ठेवावा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, क्लच यांचा खर्च नाहीसा होतो. विम्याचा हप्ता मात्र अनेकदा वाढतो आणि वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात. लहान बॅटरी घेऊन वाचलेला एक पंचमांश या हिशेबात घातला की गाडी पैसे केव्हा वसूल करते ते वर्ष कसे अलीकडे येते, हे आपल्यालाच दिसेल.

मेहुण्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार लिथियम-आयन बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये एका किलोवॉट-तासाला ११५ डॉलरपर्यंत उतरली, आणि एका वर्षातली ती घट २० टक्क्यांची होती. परंतु त्याच पाहणीत २०२२ मध्ये, कच्चा माल महागल्यामुळे, ही किंमत वाढलीही होती. बॅटरी स्वस्त झाली म्हणजे गाडी त्याच प्रमाणात स्वस्त होते असेही नाही, कारण उत्पादक ती बचत कधी किमतीत देतात, कधी मोठ्या बॅटरीच्या रूपाने देतात, तर कधी स्वतःकडेच ठेवतात. मेहुणे म्हणतात त्या नव्या प्रकारांपैकी घन इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटऱ्यांबद्दल बोलायचे तर टोयोटाने त्यांच्यासाठी २०२७-२८ चे लक्ष्य जाहीर केले आहे. ते साधले तरी असे तंत्र आधी महागड्या गाड्यांत येते आणि आपल्या आवाक्यातल्या गाडीपर्यंत उतरायला आणखी काही वर्षे जातात. दोन वर्षांनी मेहुणे हेच पुन्हा सांगू शकतील आणि तेव्हाही ते अर्धे बरोबरच असतील.

थांबण्याला तारीख असेल तरच थांबणे शहाणपणाचे ठरते. याच मॉडेलची सुधारित आवृत्ती तीन-चार महिन्यांत येणार असल्याचे उत्पादकाने जाहीर केले असेल, तर थांबावे. नवी हवी म्हणून नाही, तर निदान सध्याच्या आवृत्तीवर सवलत मिळेल म्हणून. किमती अचानक उतरण्याचा धोका मात्र पूर्ण टाळता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत आणि युरोपात काही गाड्यांच्या किमती २० टक्क्यांपर्यंत कमी केल्या, आणि काही आठवड्यांपूर्वीच गाडी घेतलेल्यांच्या गाड्यांचे पुनर्विक्रीमूल्य त्याबरोबर घसरले. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल, आणि आपण जुनी गाडी अकरा वर्षे ठेवली आहे, तर असा धक्का वर्षांवर विभागला जातो. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला मी भाडेपट्ट्याचा किंवा दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीचा विचार करायला सांगितले असते, कारण सर्वांत मोठी घट पहिल्या मालकाला सोसावी लागते.

सरकारी अनुदान किंवा करसवलत मिळत असेल, तर तिच्या तारखेला गाडीच्या मॉडेलइतकेच महत्त्व द्यावे. जर्मनीने आपले खरेदी-अनुदान डिसेंबर २०२३ मध्ये एका दिवसाच्या सूचनेवर बंद केले. तिथे अर्ज करायला गाडीची नोंदणी झालेली असावी लागे, त्यामुळे मागणी नोंदवून गाडीची वाट पाहत बसलेले ग्राहक हात चोळत राहिले. अमेरिकेची ७,५०० डॉलरपर्यंतची सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, पण तिथे त्या तारखेपूर्वी बंधनकारक करार करून रक्कम भरलेली असल्यास गाडी नंतर ताब्यात घेतली तरी चालत होते. आपल्याकडील योजनेत मागणीची तारीख धरतात, पैसे भरल्याची की नोंदणीची, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता नियमाच्या मजकुरातच वाचावे. सवलत संपते आहे म्हणून मनात नसलेली गाडी मात्र उचलू नये.

राहिली आपली जुनी गाडी. ती एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखवून येत्या वर्षभरात कोणती मोठी कामे निघतील याचा अंदाज घ्यावा. टायर आणि ब्रेक यांच्यावर भागणार असेल तर वर्षभर वापरायला हरकत नाही, आणि त्या वर्षात वाटेवरच्या चार्जरांची संख्या वाढलेलीही दिसेल. क्लच, गिअरबॉक्स किंवा इंजिनाचे काम समोर असेल तर तो पैसा तिच्यात न घालता नव्या गाडीकडे वळवावा. गेल्या वर्षापासून खर्च वाढत आहे असे आपण लिहिले आहे, त्यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

ठरवण्यापूर्वी ४० ची गाडी चाचणीसाठी निदान अर्धा दिवस मागावी आणि त्यात आपल्या नेहमीच्या हमरस्त्याचा तुकडा घ्यावा. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणून बॅटरीचे टक्के लिहून ठेवावेत, एसी आणि वेग नेहमीसारखा ठेवावा, सोबत घरची माणसे बसवावीत. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत दिसणारे उरलेले किलोमीटर मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो, त्याकडे फारसे पाहू नये. पाहायचा तो शंभर किलोमीटरला किती युनिट लागले हा आकडा. तो साडेसतराच्या आसपास किंवा कमी आला तर वरचा हिशेब जसाच्या तसा लागू आहे. वीसच्या वर गेला तर एवढ्याच वाटेला ६६ युनिट लागतील आणि मधला थांबा पाऊण तासाचा होईल. तो आपल्या पत्नीला मान्य आहे का, हे त्यांनाच त्या गाडीत बसवून विचारावे.

मागणी नोंदवताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात : ताबा मिळण्याची तारीख; दरम्यान किंमत उतरल्यास फरक परत मिळेल की नाही; ताबा लांबल्यास अनामत रक्कम पूर्ण परत मिळण्याची अट; आणि बॅटरीच्या हमीत क्षमतेची टक्केवारी स्पष्ट छापलेली प्रत. चौथी गोष्ट पुढे गाडी विकताना नव्या मालकाच्या नावे होते का, तेही त्याच वेळी विचारून त्या कागदावर लिहून घ्यावे.